कोण पाहिजे?

आम्ही भायखळ्याच्या एका चाळीत लहानाचे मोठे झालो. दुसऱ्या मजल्यावर चौदा खोल्या, पुढे एकच लांब गॅलरी, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत एकाही खोलीचे दार लावलेले नसे. आई बाजारात गेली तरी दार उघडेच. आज इथे वॉटरफोर्डला कोणाला हे सांगितले तर त्यांना वाटते की त्या काळची माणसे फार भोळी होती किंवा चोर फार कमी होते. दोन्ही खरे नाही. खरे कारण असे की जिन्याच्या तोंडाशी तिसऱ्या खोलीतल्या मावशी तांदूळ निवडत बसलेल्या असत, आणि अनोळखी माणूस वर आला की त्या सुपावरची नजर न हलवता विचारीत, "कोण पाहिजे?"

ज्याला खरोखर कोणी पाहिजे असे तो नाव सांगे. मावशी म्हणत, "कामावर गेलेत, सहाला येतील, बसा, पाणी देते." ज्याला कोणीच नको असे तो "चुकून आलो" म्हणून जिना उतरे. कोणाचा अपमान झाला नाही, कोणावर आळ आला नाही. दारे उघडी राहिली ती त्या दोन शब्दांच्या जोरावर. हे आम्हाला तेव्हा कळले नव्हते. ते कळायला आम्हाला साठी गाठावी लागली आणि १४ मे २०२१ चा शुक्रवार उजाडावा लागला.

त्या दिवशी सकाळी आम्ही ड्यूटीवर गेलो तर वॉर्डमधले सर्व संगणक बंद. बिघाडाने बंद पडले नव्हते, वरून हुकूम होता की कोणीही ते सुरू करू नयेत. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर, म्हणजे इथे सर्वजण जिला एच.एस.ई. म्हणतात त्या संस्थेवर, हल्ला झाला होता. मध्यरात्रीनंतर हल्लेखोरांनी संगणकांतील माहितीला कुलपे घातली आणि किल्लीसाठी पैसे मागितले. पहाटे संस्थेने देशभरातील आपले सर्व संगणक बंद करण्याचा निर्णय घेतला. एक्स-रे पाहता येईनात, रक्ताचे अहवाल कागदावर लिहून हातोहात आणावे लागले. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहाने ३६ आठवडे पूर्ण न झालेल्या गर्भवतींच्या बाह्यरुग्ण तपासण्या रद्द केल्या. आमच्या वॉर्डात तरुण सिस्टर्स आम्हाला विचारू लागल्या की ताप आणि नाडीचा तक्ता हाताने कसा काढायचा. आम्ही रेघा मारून दाखवल्या. म्हातारपणाचा एवढा उपयोग त्या दिवशी झाला.

पुढे त्या वर्षीच्या डिसेंबरात या प्रकरणाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. संगणकाचा अहवाल आम्हाला काय कळणार असे वाटले होते, पण वाचता वाचता आम्हाला आमची चाळ आठवली.

हकीकत अशी. १८ मार्च २०२१ रोजी कोणा कर्मचाऱ्याने ईमेलबरोबर आलेली एक एक्सेल फाइल उघडली. त्या फाइलमध्ये विष होते. परंतु त्या दिवशी काहीच घडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चोर एका संगणकात शिरला आणि तिथे बसून राहिला. ७ मे रोजी तो संस्थेच्या मुख्य संगणकांत पोचला, नंतरच्या पाच दिवसांत सात इस्पितळांत शिरला, आणि १४ मे रोजी त्याने घाव घातला. आठ आठवडे तो घरात होता. संस्थेचे सत्तर हजारांहून अधिक संगणक आणि उपकरणे चार हजारांहून अधिक ठिकाणी पसरलेली, आणि ती जोडणारे जाळे असे की आत शिरलेल्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला फारशी आडकाठी नव्हती. बाहेरच्या दरवाजाला कुलूप होते, आतल्या खोल्यांना कडी नव्हती.

असा चोर आतल्या आत फिरतो कसा? आमच्यासारख्या अडाण्याला समजले ते असे. तो भिंत फोडत नाही. तो घरच्याच माणसाचे कपडे घालतो. पहिल्या संगणकात कोणाकोणाचे पासवर्ड उरले आहेत ते तो हुडकतो, त्यांतला एक घेऊन दुसऱ्या संगणकाचे दार उघडतो, तिथे आणखी वरिष्ठाचा पासवर्ड सापडतो, मग तिसरे दार. प्रत्येक दारावर तो खरी किल्ली लावतो. आणि बाहेर बसलेल्या धन्याशी तो बोलतो ते एका बोगद्यातून. बाहेरून आत येणाऱ्याला पहारेकरी हटकतो, पण आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. म्हणून आतला संगणकच बाहेर निरोप पाठवतो, आणि त्या निरोपाच्या उत्तरातून धन्याचे हुकूम आत येतात. पाहणाऱ्याला वाटते, कोणी तरी साधे काम करीत आहे. त्यात भर म्हणजे असे बोगदे प्रामाणिक कामालाही लागतात. स्कॅनिंगचे यंत्र बिघडले तर कंपनीचा माणूस दूर आपल्या कचेरीत बसून ते दुरुस्त करतो. डॉक्टर रात्री घरून एक्स-रे पाहतात. चोर आणि वैद्य एकाच वाटेने येतात, एकाच तऱ्हेचे कपडे घालून.

हे आयर्लंडातच घडते असे नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेले विष असेच आतल्या आत, चोरलेल्या पासवर्डांवर, संगणकामागून संगणक गिळत जगभर गेले आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने विस्कळीत केले. रायगडातल्या बंदरावर कंटेनर अडले आणि कारण सापडले युक्रेनमध्ये!

मग अशा चोराला ओळखायचे कसे? चेहऱ्यावरून नाही, कारण चेहरा घरच्याचा आहे. किल्लीवरून नाही, कारण किल्ली खरी आहे. ओळखायचे ते चालीवरून. हिशेबखात्यातला संगणक कधी प्रयोगशाळेच्या संगणकाशी बोलत नाही, तो आज का बोलतो? एक बाई बारा वर्षे सकाळच्या ड्यूटीला येते, तिचे नाव पहाटे तीनला, तिने कधी न वापरलेल्या पाच यंत्रांवर कसे उमटले? कोणता संगणक बाहेरच्या एकाच पत्त्याला ठराविक वेळाने, नाडीसारखे ठोके देत, दिवसेंदिवस निरोप पाठवतो? एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. पण परिचारिकेला हे शिकवावे लागत नाही. एका वेळचा ताप काही सांगत नाही, तक्त्यावरची रेघ सांगते. आणि रोग्याचे नेहमीचे काय ते ठाऊक असल्याखेरीज आजचे वेगळे काय ते कळत नाही.

इथपर्यंत झाली तंत्राची गोष्ट. आमच्या मनाला लागलेला प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्याबरोबर आपण रोज काम करतो, ज्यांच्या डब्यातले जेवतो, त्यांच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवावी काय? घरच्या माणसावर पाळत ठेवणे हे विश्वासघाताचेच एक रूप नाही काय? आणि न ठेवावी तर चोर आठ आठवडे घरात राहिला याचा दोष कोणाला?

आमच्या हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका इस्पितळात असताना, आम्ही आमचा पासवर्ड वॉर्डमधल्या एका तरुण सिस्टरला दिला होता. ती केरळहून नवीन आली होती, तिला स्वतःचा पासवर्ड मिळायला दिवस लागत होते, रोगी खोळंबत होते. आम्ही तो कागदावर लिहून तिच्या खिशात घातला आणि म्हटले, "बाळ, लागेल तेव्हा वापर." तो मायेपोटी दिला होता. पुढे तिला तिचा पासवर्ड मिळाला, पण आमचा वॉर्डात राहिला. चार-पाच जणी तो वापरीत. सकाळी एकीने संगणक उघडायचा आणि दिवसभर सर्वांनी आमच्या नावाने लिहायचे.

एके दिवशी एका रोग्याला औषधाची मात्रा दोनदा दिली गेली. सुदैवाने त्याला इजा झाली नाही. दोन्ही नोंदींवर नाव आमचे. त्या वेळी आम्ही वॉर्डात नव्हतो, ते सिद्ध झाले. पण मग प्रश्न उठला, दिली कोणी? पाचही जणी रडल्या, पाचही जणी म्हणाल्या आम्ही नाही, आणि कोण खरे बोलते ते कळायला काही मार्गच उरला नव्हता. तो मार्ग आम्ही स्वतः बुजवला होता. पाच प्रामाणिक मुली कित्येक महिने एकमेकींकडे तिरप्या डोळ्यांनी पाहत राहिल्या. त्यांच्यातला विश्वास कोणी मोडला? पाळतीने नव्हे, आमच्या मायेने.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. आपण जे केले ते आपणच केले हे दाखवता येणे ही प्रामाणिक माणसाची मालमत्ता आहे. ती त्याला संशयापासून वाचवते. जिथे सर्वजण एकाच नावाने वावरतात तिथे चोराला लपायला जागा मिळते, आणि उरलेले सर्व संशयित होतात.

इस्पितळात कडक औषधांचे कपाट असते. मॉर्फिनची एक कुपी काढायची तर दोन सिस्टर्सनी मिळून मोजायची, दोघींनी सही करायची. चाळीस वर्षांत आम्ही ते हजारो वेळा केले. आपल्यावर संशय घेतला जातो असे आम्हाला एकदाही वाटले नाही, कारण तो नियम मेट्रनलाही होता आणि काल आलेल्या मुलीलाही होता. माणूस पाहून मोजणे हा अपमान, प्रत्येक वेळी मोजणे ही रीत. तपासायचे ते कृत्य, आणि माणसाची अब्रू आहे तिथेच ठेवायची. हा भेद सांभाळला तर पहारा आणि विश्वास एका घरात नांदू शकतात.

पण थांबा. हा भेद नेहमी सांभाळला जातो असे आम्ही म्हणणार नाही. चाळीतल्या मावशींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच मावशी, कोणाची मुलगी किती वाजता आली, बरोबर कोण होते, कोणत्या रंगाची साडी होती, याचाही हिशेब ठेवीत. जिन्यावरची नजर खोलीत शिरली की पहाऱ्याची चुगली होते. आमच्या एका मैत्रिणीचे लग्न त्या नजरेपायी मोडले आणि चोर काही त्यातून सापडला नाही. संगणकाच्या बाबतीतही तेच. रात्री तीनला कोणाचे नाव कुठे उमटले हे पाहणारी यंत्रणा, कोण किती मिनिटे चहाला गेली हेही पाहू शकते. तरुण सिस्टर्सना त्याची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही.

म्हणून आमच्या मते तीन अटी असाव्यात. पहिली, जिन्यावर बघावे, खोलीत नाही. कोणते यंत्र कोणाशी बोलते हे पाहावे, माणूस काय लिहितो ते वाचत बसू नये. दुसरी, पाहतो आहोत हे सर्वांना सांगून पाहावे. मावशी जिन्याच्या तोंडाशी उघड बसत, पडद्याआड नाही. आणि चोरासाठी मांडलेल्या नोंदी चहाचा हिशेब करायला वापरू नयेत. एकदा तसे झाले की लोक पहाऱ्याला फसवायला शिकतात आणि मग चोराचे फावते. तिसरी, संशय आला की आधी विचारावे. "सिस्टर, रात्री तीनला तुम्हीच होता का?" हा एक फोन आहे. ती म्हणेल, "हो, अमुक रोग्याची अवस्था बिघडली होती," आणि प्रश्न मिटेल. किंवा म्हणेल, "मी तर झोपले होते," आणि तेव्हा सर्वांनी जागे व्हावे. मात्र तो फोन आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरावर करावा. ईमेलने विचारले तर चोरच तिच्या वतीने उत्तर देईल.

विचारणे एवढे सोपे, तर मग ते घडत का नाही? अहवालातली जी गोष्ट वाचून आम्हाला सर्वांत अधिक वाईट वाटले ती इथेच आहे. चोर अगदी नजरेआड राहिला होता असे नाही. ३१ मार्चला पहिल्या संगणकावरच्या रक्षक सॉफ्टवेअरने त्याची दोन हत्यारे ओळखली होती. एकाचे नाव कोबाल्ट स्ट्राइक, दुसऱ्याचे मिमिकॅट्झ. परंतु ते सॉफ्टवेअर फक्त नोंद करण्याच्या बेताने लावलेले होते, अडवण्याच्या नाही. मे महिन्यात काही इस्पितळांना संशयास्पद हालचाली दिसल्या. १३ मे रोजी, म्हणजे आदल्याच दिवशी, रक्षक सॉफ्टवेअरच्या कंपनीने संस्थेला कळवले की ७ तारखेपासून किमान सोळा यंत्रांवर धोक्याच्या सूचना निकालात न काढता पडून आहेत. त्यावर ती यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करण्यात आली. याच्या उलट, आरोग्य मंत्रालयात आणि एका इस्पितळात सूचनांचा पाठपुरावा झाला आणि तिथे शेवटचा घाव टळला. चोर तोच, हत्यारे तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी कोणी तरी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत थांबले.

ज्या सिस्टरने तक्त्यावर १०४ ताप लिहिला आणि डॉक्टरांना कळवले नाही, ती काय म्हणेल? "मी नोंद केली होती." नोंद करणे म्हणजे कर्तव्य करणे नव्हे. पण तिलाही एकटीला दोष देऊ नका. अतिदक्षता विभागात आम्ही पाहिले आहे, यंत्रे दिवसरात्र किणकिणतात, शंभरातल्या कित्येक घंटा खोट्या, आणि हळूहळू कान मरतात. कान मेले की खरी घंटाही ऐकू येत नाही. ज्या घरात एका माणसाला हजार घंटा ऐकायला बसवले आहे, त्या घराने तो बहिरा झाला म्हणून ओरडू नये. घंटा कमी कराव्यात, माणसे वाढवावीत, आणि विचारणाऱ्याला "उगाच कशाला त्रास देता" असे कधी म्हणू नये.

आणि ज्याने १८ मार्चला ती फाइल उघडली तो? आमच्या ओळखीत पुष्कळांनी त्या अज्ञात माणसाला शिव्या घातल्या. आम्हाला ते पटत नाही. रोज पन्नास पत्रे उघडणे हेच ज्याचे काम, त्याच्या हातून एक चुकीचे उघडले जाणारच. एका माणसाच्या एका चुकीने सारा देश आजारी पडू नये, अशी रचना करणे हे धन्याचे काम. एका खाटेवरच्या रोग्याचा जंतू शेजारच्या खाटेवर गेला तर आम्ही रोग्याला दोष देत नाही. सिस्टरने हात धुतले होते का, हे विचारतो. आतल्या दारांना कड्या लावणे म्हणजे संगणकांच्या जाळ्याने हात धुणे.

सरकारने खंडणी दिली नाही. २० मे रोजी हल्लेखोरांनी किल्ली आपणहून दिली. तरी घर लावायला सप्टेंबर उजाडला. २१ सप्टेंबरपर्यंत १,०८७ पैकी १,०७५ प्रणाली पुन्हा सुरू झाल्या होत्या. मधल्या काळात ज्यांच्या तपासण्या पुढे गेल्या त्यांचे दिवस कोणी परत दिले नाहीत. ज्यांची खाजगी माहिती चोरीस गेली अशा सुमारे नव्वद हजार माणसांना पुढे कळवण्यात आले. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी आम्हाला विचारले, "आता माझा आजार सर्वांना ठाऊक होणार का?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, ही गोष्ट इस्पितळांपुरती नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुले-भाचरे दूर देशी आहेत. आमचा भाचा अश्दोदला राहतो, आणि आमचा संगणक बिघडला की तिथूनच आत शिरून तो दुरुस्त करतो. आम्ही खुर्चीत बसून पाहतो, पडद्यावरचा बाण आपोआप फिरतो. चांगली सोय आहे. पण त्याच सोयीच्या नावाखाली, "मी कंपनीतून बोलतो, तुमच्या संगणकात बिघाड आहे, मला आत येऊ द्या," असे सांगणारे फोनही येतात, आणि एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते गोड वाटतात. म्हणून आम्ही आणि भाच्याने एक नियम केला आहे. त्याने आधी फोन करायचा, आम्ही फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावायचा, आणि मगच दार उघडायचे. काम झाले की दार बंद करायचे, सताड उघडे ठेवायचे नाही.

पहिल्यांदा तो जरा रागावला. "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?" आम्ही म्हटले, "तुझ्यावर आहे बाबा. तुझा आवाज काढून कोणी येईल, त्याच्यावर नाही." परवा त्याचा फोन आला तेव्हा आम्ही ठेवला आणि परत लावला. पलीकडून त्यानेच विचारले, "कोण पाहिजे?"